भयपटाची पहिली दहा मिनिटे



रात्रीची जेवणे उरकली आहेत, ओसरीवर अंथरुणे पडली आहेत, आणि नातवंडांनी भुताच्या गोष्टीसाठी आजीला गळ घातली आहे, असे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा. आजी प्रथम काय करते? ती कंदिलाची वात खाली करते. मग आवाज उतरवते. "मळ्याकडे जाताना ती पडकी विहीर लागते ना..." एवढेच म्हणते आणि गप्प बसते. पोरे पांघरूण ओढून एकमेकांना बिलगतात. भूत अजून आलेले नाही. गोष्टीत त्याचे नावसुद्धा निघालेले नाही. भीती मात्र येऊन बसली आहे.

आजीने तीन गोष्टी केल्या. उजेड कमी करून दिसायचे ते थोडके केले. आवाज बदलला. आणि पुढचे वाक्य लगेच न सांगता वेळ लांबवला. भयपट काढणारे दिग्दर्शक कोट्यवधी रुपये खर्च करतात; परंतु त्यांच्या हातातली हत्यारेही हीच तीन. दिसणे कॅमेऱ्याच्या स्वाधीन, ऐकणे ध्वनीच्या स्वाधीन, आणि वेळ संकलनाच्या स्वाधीन. संकलन म्हणजे टिपलेल्या चित्रांचे तुकडे कापून एकापुढे एक जोडणे. पूर्वी हे काम कात्रीने फीत कापून करीत, आता संगणकावर करतात. ही तीन हत्यारे भयपटाच्या आरंभी कशी चालतात, ते आज आपण पाहू.

आरंभीच का, असे कोणी विचारील. कारण काय पाहून घाबरायचे, हे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांतच शिकवावे लागते. आपल्या गुरुजींना हे सांगायला नको. पहिला धडा नीट झाला की पुढचे पुस्तक सोपे जाते.

आता एक भेद ध्यानात घ्या. दचकणे वेगळे आणि जीव टांगणीला लागणे वेगळे. आल्फ्रेड हिचकॉक हे या विद्येतले मोठे जाणकार. टेबलाखाली ठेवलेल्या बॉम्बचा दाखला देऊन ते हा भेद समजावून सांगत. आपण आपल्या शिवारातला दाखला घेऊ. एक शेतकरी गंजीतून कडब्याच्या पेंड्या ओढतो आहे, आणि अकस्मात त्यातून नाग बाहेर पडतो. तुम्ही दचकाल, आणि लगेच सावराल. पण समजा, नाग गंजीत शिरताना तुम्ही आधीच पाहिला आहे आणि शेतकऱ्याला मात्र पत्ता नाही. मग तो जी जी पेंडी ओढील त्या प्रत्येक पेंडीला तुमचा श्वास अडकेल. नाग तोच, गंजी तीच. फरक इतकाच, की तुम्हाला थोडे आधी सांगितले आणि उरलेले राखून ठेवले. भयपटाचा आरंभ म्हणजे किती सांगायचे आणि किती राखायचे, याचा हिशेब होय.

प्रथम कॅमेऱ्याकडे वळू. १९७५ साली अमेरिकेत स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी 'जॉज' नावाचा चित्रपट काढला. माणसे खाणाऱ्या एका अजस्र शार्क माशाची ती कथा. शार्क म्हणजे आपले कोळी बांधव ज्याला मुशी म्हणतात, त्याच्याच कुळातला. पहिला प्रसंग घडतो समुद्राच्या किनाऱ्यावर. शेकोटीभोवती तरुण मंडळी गात-वाजवीत बसली आहेत. त्यांतली एक मुलगी पोहायला म्हणून अंधारात धावत जाते. तिच्यामागून निघालेला तरुण दारूच्या अमलात वाळूतच कोसळतो. मुलगी एकटी पाण्यात शिरते. समुद्र शांत आहे. आणि मग कॅमेरा पाण्याखाली जातो. खालून वर पाहताना तिचे हलणारे पाय दिसतात. इतका वेळ आपण किनाऱ्यावरच्या माणसांच्या डोळ्यांनी पाहत होतो. आता हे कोणाचे डोळे? चित्रपट उत्तर देत नाही. खालून कोणीतरी पाहते आहे, एवढे आपले आपणच समजून घेतो, आणि त्या मुलीला ते ठाऊक नाही, म्हणून घाबरतो. मुलीला हिसका बसतो, ती ओरडते, पाण्यात इकडून तिकडे ओढली जाते आणि नाहीशी होते. या सगळ्या प्रसंगात मासा एकदासुद्धा दिसत नाही. तो पुरता दिसायला तासाहून अधिक वेळ जातो.

यामागची हकीकत मोठी गमतीची आहे. चित्रपटासाठी यंत्राचा मासा बनविला होता. तो समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वरचेवर बिघडू लागला. तेव्हा मासा न दाखवता काम भागविणे भाग पडले, आणि ती अडचणच चित्रपटाच्या पथ्यावर पडली. पहिल्या प्रसंगात तर त्या नटीला दोर बांधून माणसेच ओढीत होती. पाहणाऱ्यांना दोर दिसला नाही, माणसे दिसली नाहीत. त्यांनी मनानेच मासा निर्माण केला. न दिसणारी वस्तू प्रत्येकाच्या मनात त्याच्या त्याच्या भीतीएवढी मोठी होते.

कॅमेऱ्याची दुसरी एक युक्ती पाहा. १९७८ साली जॉन कार्पेंटर यांच्या 'हॅलोविन' या चित्रपटाने रात्रीच्या वेळी एका घराभोवती फिरत सुरुवात केली. छायालेखकाने कॅमेरा अंगावर बांधला होता, त्यामुळे तो माणसाच्या चालीने चालतो. खिडकीतून डोकावतो, मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतो, सुरी उचलतो, जिना चढतो. मध्ये कोठे तुकडा तुटल्यासारखा वाटत नाही. खून करणाऱ्याच्या डोळ्यांनी आपण पाहत असतो आणि तोंड वळवायला जागा नसते. खून करून तो बाहेर येतो तेव्हा कोणीतरी त्याचा मुखवटा काढते, आणि आता प्रथमच कॅमेरा त्याच्याकडे वळून पाहतो. समोर उभा असतो सहा वर्षांचा मुलगा. कॅमेऱ्याने आपल्याला सगळे दाखविले, फक्त पाहणारा कोण ते तेवढे झाकून ठेवले.

आता आवाज. आकाशवाणीच्या श्रोत्यांना हा भाग जवळचा वाटेल. १९४९ साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये कमाल अमरोही यांनी 'महल' हा बोलपट काढला. नायक अशोककुमार, नायिका मधुबाला, संगीत खेमचंद प्रकाश यांचे. जर्मनीतून आलेले जोसेफ विर्शिंग हे छायालेखक, आणि संकलन केले होते बिमल रॉय यांनी. आरंभी आहे एक ओसाड वाडा आणि वादळी रात्र. वाड्याचा नवा मालक येतो. म्हातारा माळी त्याला जुनी कहाणी सांगतो, की ज्याने हा वाडा बांधला तो नदीत बुडून मेला, आणि त्याची वाट पाहणारी स्त्रीही पुढे गेली. मग नवा मालक त्या मृताची तसबीर पाहतो, तो ती हुबेहूब त्याच्यासारखीच! इतक्यात घड्याळात दोनचे ठोके पडतात, आणि कोठून तरी दूरवरून एका स्त्रीचे गाणे ऐकू येते.

गाणारी दिसत नाही. आवाज आधी दूर असतो, मग जवळ येतो. हे कसे साधले असेल? त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या लता मंगेशकर यांचा तो आवाज. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मायक्रोफोन खोलीच्या मध्ये ठेवून त्यांना कोपऱ्यात उभे केले होते. गात गात हळूहळू पुढे यायचे आणि मायक्रोफोनपाशी पोहोचायचे. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. खर्च म्हणाल तर चार पावले चालण्याचा! गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी बोलपटातल्या पात्राचेच नाव, कामिनी, असे छापले होते. रेडिओवर गाणे वाजले तेव्हा ही गायिका कोण, म्हणून श्रोत्यांची पत्रांवर पत्रे आली. दिसत नाही तिला शोधायला नायक वाड्यात फिरत होता आणि श्रोते तिला पत्रांतून शोधीत होते.

आवाजाचे बळ किती असते ते 'हॅलोविन'च्या बाबतीतही दिसले. कार्पेंटर यांनी संगीत घालण्यापूर्वी तो चित्रपट एका स्टुडिओतल्या बाईंना दाखविला. त्यांना मुळीच भीती वाटली नाही. मग कार्पेंटर यांनी स्वतः संगीत रचले. पुढे त्याच बाईंनी संगीतासह चित्रपट पाहिला आणि त्यांचे मत पालटले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. 'जॉज'मध्ये जॉन विल्यम्स यांनी दोनच शेजारचे स्वर घेतले. ते हळू वाजतात, मग जलद होतात, जसे काही जवळ येते आहे. पहिल्या प्रसंगातच आपला कान शिकतो, की हे दोन स्वर म्हणजे मासा. पुढे एकदा दोन खोडकर मुले खोटा पर लावून लोकांना घाबरवितात, तेव्हा मात्र ते स्वर वाजत नाहीत. ज्याचा कान तयार झाला त्याला ती लबाडी आधीच उमगावी.

तिसरे हत्यार संकलन. 'जॉज'चे संकलन व्हर्ना फील्ड्स या बाईंनी केले, आणि त्याबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. पहिल्या प्रसंगात त्यांनी काय केले पाहा. मुलगी पाण्यात आकांत करते आहे, आणि मध्येच चित्र बदलून किनारा दिसतो. तरुण वाळूत निवांत पडला आहे, लाटा हळू येत आहेत. पुन्हा पाणी, पुन्हा आकांत. दोन्ही चित्रे वेगवेगळी पाहिली तर एक निव्वळ गोंधळाचे आणि दुसरे निव्वळ झोपेचे. शेजारी शेजारी ठेवली की तिसरीच गोष्ट मनात उभी राहते: हाकेच्या अंतरावर माणूस आहे आणि तो येणार नाही. ही तिसरी गोष्ट कोणीही टिपलेली नाही. ती कापण्या-जोडण्यातून जन्मली.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवितो. खरे भयपट मुलांना दाखवू नका; त्यांतले पुष्कळसे प्रौढांसाठीच असतात. शाळेच्या रिकाम्या व्हरांड्याचे वीस सेकंदांचे चित्र मोबाइलवर घ्या. ते एकदा मुलांना आवाज बंद करून दाखवा. मग तेच चित्र चालू असताना एका मुलाला बासरी वाजवू द्या. तिसऱ्या वेळी मागे बसून कोणीतरी बाकावर बोटांनी सावकाश टकटक करावी, आणि मध्येच थांबावे. मग विचारा, "व्हरांड्यात काय होते?" मुले सांगतील, कोणीतरी येणार होते. व्हरांडा तर तिन्ही वेळा रिकामाच होता! आपली भीती कोठून आली हे ज्या मुलाने एकदा हाताने चाचपून पाहिले, ते मूल पुढे सहजासहजी फसत नाही.

हा केवळ मौजेचा विषय नाही, म्हणून एक गंभीर गोष्ट सांगून थांबतो. पाकिस्तानातल्या कराची शहरात, मुलांना जपा असे पालकांना सांगण्यासाठी एक लहानशी चित्रफीत काढली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, आणि लगेच परत आणून सोडतात. मग एक फलक दाखवितात, की मूल पळवायला असा एक क्षण पुरतो. कोणीतरी त्यातला शेवट कापला. मूल परत आले तो भाग गेला, फलक गेला. उरले फक्त पळवून नेणे. २०१८ साली हा तुकडा खरी घटना म्हणून भारतभर मोबाइलवर फिरला. त्याच दिवसांत मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा आपल्याही गावोगाव पसरल्या होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मुले पळविणारे समजून ठार मारले. पाचही निरपराध होते.

चित्रपटगृहात दिवे लागतात आणि आपण हसत घरी जातो. मोबाइलवरच्या तुकड्याला दिवे लागत नाहीत. म्हणून असा तुकडा हाती आला की चार प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेऊ. हे कोणाच्या डोळ्यांनी दिसते आहे? चौकटीबाहेर काय राहिले? आवाज मूळचा आहे की मागाहून घातला? आणि याच्या आधी व नंतर काय होते? उत्तर मिळत नसेल तर तो तुकडा पुढे पाठवू नये. गावात चार जाणत्या माणसांना विचारावे, पोलीस पाटलांना विचारावे, आणि अनोळखी माणसावर हात टाकण्यापूर्वी त्याचे नावगाव विचारावे.

आपल्या आजीचे असे, की ती पोरांना कितीही घाबरवो, गोष्ट संपली की ती कंदिलाची वात पुन्हा मोठी करी आणि म्हणे, "झोपा आता, विहिरीत काही नाही." गोष्टीचा तोही भाग असतो. तो कोणी कापून टाकला आहे काय, एवढे पाहत जा.