भागधारकांचा सामूहिक दावा

कंपनीने जाहीर केलेल्या खोट्या माहितीमुळे तोटा सोसलेल्या भागधारकांनी एकत्र येऊन भरपाई मागितली, की त्याला सामूहिक दावा म्हणतात. कंपनीचा ताळेबंद खरा मानूनच लोक शेअरला भाव देतात. ताळेबंद खोटा निघाला तर हजारो जण एकाच वेळी नागवले जातात. पण वीस-पंचवीस हजारांच्या तोट्यासाठी एकट्याने कोर्टाची पायरी चढणे परवडत नाही. सर्वांचा दावा एक झाला, तरच तो उभा राहतो.

हैदराबादला शेअरच्या व्यवहाराची ओळख जुनी आहे. इथला शेअर बाजार १९४३ मध्ये कोठी भागातल्या एका भाड्याच्या इमारतीत सुरू झाला. देशाला सामूहिक दाव्याची गरज पटवून देणारे प्रकरणही याच शहरात घडले. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेबातल्या लबाडीची कबुली दिली. सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या एका दिवसात शेअरचा भाव तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला.

सत्यमचे रोखे न्यूयॉर्कच्या बाजारातही विकले जात. तिथल्या गुंतवणूकदारांनी सामूहिक दावा लावला. २०११ मध्ये तडजोड होऊन कंपनीने साडेबारा कोटी डॉलर, तर लेखापरीक्षक संस्थेने २ कोटी ५५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. भारतातल्या भागधारकांना मात्र असा मार्ग नव्हता. गुंतवणूकदारांच्या एका संघटनेने सुमारे ३ लाख भागधारकांसाठी राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे ४,९८७ कोटींची भरपाई मागितली. आयोगाने ती मागणी फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयातही दाद लागली नाही. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. गुन्हेगाराला शिक्षा झाली, पण तेवढ्याने भागधारकाचे बुडालेले पैसे परत येत नाहीत.

ही उणीव भरून काढण्यासाठी २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम २४५ आले. ते १ जून २०१६ पासून लागू झाले. अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे करावा लागतो. त्यासाठी किमान शंभर भागधारक किंवा एकूण भागधारकांपैकी पाच टक्के, यांत जी संख्या कमी असेल तेवढे जण लागतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत दोन टक्के भांडवल असणारेही अर्ज करू शकतात. भरपाई कंपनीकडून, संचालकांकडून, लेखापरीक्षकांकडून आणि चुकीचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांकडूनही मागता येते. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की सर्व भागधारकांसाठी जाहीर सूचना निघते आणि निकाल सर्वांना बांधून ठेवतो. बँकांना हे कलम लागू नाही.

खरी अडचण सुरुवातीच्या खर्चाची आहे. अमेरिकेत वकील मिळालेल्या रकमेतून हिस्सा घेतात, म्हणून ते स्वतः पैसे घालून दावा लढवतात. भारतात वकिलांना तशी मनाई आहे. न्यायाधिकरणाच्या मंजुरीने गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीतून खर्च परत मिळू शकतो, पण तो नंतर. तोवरचा खर्च भागधारकांनी वर्गणी काढून किंवा गुंतवणूकदार संघटनेच्या आधाराने भागवावा लागतो. हे बळ उभे राहील, तिथेच कायद्याने दिलेला हक्क लहान भागधारकाच्या हाती येईल.