चेहऱ्याची कसरत आणि पडद्यावरचा खेळ

(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या पुण्यातच, औंध येथे, १९९८ साली कालवश झालेल्या अभिनेत्री ललिता पवार यांचे स्मरण आज मी मुद्दाम करतो. १९४२ साली चित्रीकरण चालू असता एका प्रसंगातील चपराक वाजवीपेक्षा जोराने बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. आणि सुमारे तीन वर्षांच्या इलाजानंतर या मानी स्त्रीने त्याच चेहऱ्यानिशी खाष्ट सासूच्या भूमिका अजरामर केल्या. एवढे धैर्य सर्वांना कोठून लाभावे? ज्याचे तोंड एकाएकी वाकडे झाले, चूळ भरताना ज्याच्या ओठांच्या कडेतून पाणी ओघळू लागले, ज्याची एक पापणी काही केल्या मिटेना, तो मनुष्य पहिल्याप्रथम आरसाच टाळू लागतो.

सर चार्ल्स बेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, तोंड असे एकाएकी वाकडे करणाऱ्या विकारातून दहांपैकी सुमारे सात रोगी पूर्ण बरे होतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांना भुवई उचलणे, गाल फुगविणे, ओठांचा चंबू करणे ही कसरत, तीही आरशासमोर, महिनोन्‌महिने करावी लागते. कंटाळ्याने ती सुटते. आणि नेमका येथेच संगणकीय खेळ उपयोगी पडतो. मोबाइलचा कॅमेरा भुवया, पापण्या व ओठ यांवर खुणेचे बिंदू कल्पून त्यांची हालचाल मोजतो. दुबळ्या बाजूचा ओठ जरासा उचलला की पडद्यावरचा पक्षी तितकाच वर चढतो, सैल सोडला की उतरतो, आणि रोग्याची नजर स्वतःच्या व्यंगावर न राहता पक्ष्यावर राहते.

मात्र जोराला गुण देणारा खेळ घातक होय. दुखावलेल्या मज्जातंतूचे धागे पुन्हा वाढताना वाट चुकतात, मग हसायला गेले की डोळा मिटतो. अशा वेळी जोरकस हालचालीची सवय ते वळण पक्के करते. सबब खेळाने संथ, अल्प आणि दोन्ही बाजूंनी समतोल हालचालीलाच गुण द्यावेत, आणि त्याचे प्रमाण भौतिकोपचारतज्ज्ञाने ठरवून द्यावे.

ज्या पुण्यात १९९१ साली सी-डॅकने ‘परम’ हा महासंगणक सिद्ध केला, तेथील तरुण संगणकतज्ज्ञांनी वैद्यांच्या सल्ल्याने मराठीतून बोलणारे असे खेळ निर्माण करावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि श्रोत्यांना एवढीच ताकीद, की तोंड वाकडे झाल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठावे; कारण तो मेंदूचा झटका नाही याची खातरजमा तत्काळ व्हावी लागते, आणि बेलच्या विकारावरील औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तरच त्याचा पुरता लाभ मिळतो.