यंत्राची वही आणि तिची माहितीपुस्तिका



संगणक काही विसरत नाही, अशी आपली एक समजूत असते. पण हल्ली ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा एवढा बोलबाला आहे, ती मुळात विसराळू आहे. तुम्ही तिच्याशी तासभर बोललात, तर तो मजकूर संवाद चालू असेपर्यंतच तिच्यासमोर असतो. संवाद संपला, की पाटी कोरी. शिवाय एका वेळी तिच्यापुढे किती मजकूर मावेल, यालाही मर्यादा असते.

प्रश्नोत्तरांपुरते हे चालून जाते. परंतु आता या यंत्रणेवर दिवसचे दिवस चालणारी कामे सोपवली जाऊ लागली आहेत. अशी कामे करणाऱ्या यंत्रणेला 'एजंट' म्हणतात. समजा, एखाद्या गृहनिर्माण संस्थेने देखभाल वर्गणीचा हिशेब एजंटकडे दिला. कोणाचे पैसे आले, कोणाला स्मरणपत्र गेले, हे त्याला उद्याही कळायला हवे. नाहीतर ज्याने पैसे भरले, त्यालाच पुन्हा पत्र जायचे!

यावर उपाय म्हणजे एजंटला एक वही देणे. वही म्हणजे संगणकावरचा एक कप्पा. त्यातल्या फायली संवाद संपल्यावरही राहतात. 'ॲन्थ्रॉपिक' या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या 'क्लॉड' या मॉडेलसाठी असे साधन आणले. त्यात क्रिया सहाच आहेत : पाहणे, नवी फाईल करणे, मजकूर बदलणे, मध्ये ओळ घालणे, पुसणे आणि नाव बदलणे. गंमत अशी, की मॉडेल फक्त 'हे लिहा' असे सांगते. प्रत्यक्ष लिहिण्याचे काम ते मॉडेल वापरणाऱ्या प्रोग्रॅमरची प्रणाली करते. फायली कोठे ठेवायच्या, हेही तोच ठरवतो.

साधन एवढे साधे, मग त्याच्या माहितीपुस्तिकेबद्दल वेगळे बोलायचे कारण काय? कारण या पुस्तिकेला वाचक दोन आहेत. एक प्रोग्रॅमर आणि दुसरे खुद्द यंत्र. साधन कशासाठी आहे आणि ते कधी वापरायचे, याचे वर्णन मॉडेलपुढे मजकूर म्हणूनच ठेवले जाते आणि ते वाचून मॉडेल वागते. आपण मिक्सरची पुस्तिका न वाचता कपाटात टाकतो. मिक्सर तरीही फिरतो. येथे मात्र पुस्तिकेत जे राहून गेले, ते वागण्यातही राहून जाते. म्हणून या साधनाबरोबर मॉडेलला सूचना असते, की कामाला लागण्यापूर्वी आधी कप्पा पाहा. आणि समोरचा मजकूर केव्हाही पुसला जाईल असे धरून झालेले काम टिपत जा. पाळी संपताना पुढच्या परिचारिकेसाठी नोंद ठेवणाऱ्या परिचारिकेची शिस्त यापेक्षा वेगळी नसते.

आता अशी पुस्तिका लिहिणाऱ्याने काय सांगावे? पहिली गोष्ट, 'टिकाऊ' म्हणजे किती टिकाऊ. फाईल संवादानंतर राहते, पण सर्व्हर बदलला तर? ती तात्पुरत्या डिस्कवर असेल तर? 'कायमस्वरूपी साठवण' हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो, पण प्रत हवी असेल तर ती कोणी काढायची, हे त्यातून कळत नाही.

दुसरी गोष्ट, साधन केव्हा नकार देते. मजकूर बदलण्याच्या क्रियेचे उदाहरण घ्या. 'पैसे बाकी' हे शब्द फाईलमध्ये तीन ठिकाणी असतील, तर त्यातले कोणते बदलायचे? क्लॉडच्या साधनात अशा वेळी बदल न करता चूक कळवायची असते. हे स्पष्ट लिहिले, तर प्रोग्रॅमर तसे बांधतो आणि मॉडेल अधिक नेमका मजकूर देऊन पुन्हा प्रयत्न करते. तसेच दोन एजंट एकाच फाईलमध्ये एकाच वेळी लिहू लागले, तर कोणाचे लिखाण राहते, हेही सांगायला हवे.

तिसरी गोष्ट, कुंपण. फाईलच्या पत्त्यात दोन टिंबे घालून एक पायरी वर, म्हणजे कप्प्याबाहेर, जाण्याची युक्ती जुनी आहे. ती रोखण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरची आहे, हे पुस्तिकेने ठळक अक्षरांत बजावावे. धोका आतूनही असतो. बाहेरच्या एखाद्या पत्रातली खोडसाळ सूचना एजंटने वहीत उतरवून घेतली, तर ती उद्या, परवा, रोज वाचली जाईल. एका दिवसाची फसवणूक वहीमुळे कायमची होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : वहीत काय लिहू नये आणि लिहिलेले कोणी पुसावे. पासवर्ड, आजारपण, घरातली भांडणे असे काहीही तिच्यात जाऊ शकते. आपल्या संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क सांगितला आहे. पण फाईल कोठे आहे, हेच कोणी लिहून ठेवले नसेल, तर तो हक्क बजावायचा कसा?

युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. तिच्यात आज्ञांच्या माहितीखाली 'बग्ज', म्हणजे दोष, असे एक शीर्षक असे. साधन कोठे कमी पडते, ते तिथे करणारेच सांगत. हा प्रामाणिकपणा आज अधिक हवा आहे. कारण माणूस शंका आली तर शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो. यंत्र बहुधा पुढ्यातल्या मजकुरावरच विसंबते.

तेव्हा उद्या तुमच्या सोसायटीने, पतपेढीने किंवा दवाखान्याने असा एजंट ठेवला, तर त्यांना तीन प्रश्न जरूर विचारा. याची वही कोठे आहे? ती कोण वाचू शकते? आणि माझे पान पुसायचे झाले तर ते कोण पुसेल? उत्तरे लेखी मागा. ती मिळाली नाहीत, तर आपली माहिती देण्याची घाई करू नका.