कडवटपणाचें मूळ



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्ही कडवटपणाविषयीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु बांधावरून किंवा विहिरीच्या पाण्यावरून सख्ख्या भावांचें भाषण बंद झालें आहे आणि दोघेही एकाच मिस्सेला निरनिराळ्या बाकांवर गुडघे टेकीत आहेत, अशीं घरें असतां हा विषय अप्रस्तुत कसा म्हणावा?

राग क्षणांत भडकतो. कडवटपणा हा मनांत मुरलेला राग होय. संत पौलानें इफिसकरांस सूर्यास्तापूर्वीं राग सोडण्यास सांगितलें. त्यांतील मर्म आजचें मानसशास्त्रही जाणतें. झालेला अपमान मन जितक्या वेळां घोळवितें, तितक्या वेळां तो जणूं आतांच घडत आहे असें शरीरही तापतें. नाडी वाढते, झोंप उडते. अपराधी मात्र आपल्या घरीं स्वस्थ निजलेला असतो!

फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशांत उदयनगर येथें गरीब आदिवासींस सावकारी पाशांतून सोडविण्यासाठीं झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं, बसनें प्रवास करीत असतां, समुंदर सिंह यानें त्यांस भोसकून ठार केलें. पुढें स्वामी सदानंद नांवाचे धर्मगुरु त्यास तुरुंगांत भेटूं लागले. आणि २००२ सालीं राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, हिनें तुरुंगांत जाऊन त्याच हातास राखी बांधली. २००६ सालीं तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजीं इंदूर येथें राणी मारियांस धन्य घोषित करण्यांत आलें.

ह्या हकीकतींतील सात वर्षें आम्हांस महत्त्वाचीं वाटतात. क्षमा तत्काळ साधली नाहीं म्हणून आपली श्रद्धा खोटी, असें कोणीं समजूं नये. मानसशास्त्रज्ञ क्षमेचा निश्चय आणि क्षमेची भावना यांत भेद करितात. पहिला एका प्रार्थनेंत होऊं शकतो. दुसरी मागाहून, कधीं कधीं लंगडत, येते. शिवाय क्षमा म्हणजे अन्यायास न्याय म्हणणें नव्हे. राखी बांधली गेली तेव्हां समुंदर सिंह शिक्षाच भोगीत होता.

ज्यांस प्रतिपक्षाच्या दारीं जाण्याचें बळ आज नाहीं, त्यांनीं तेथून आरंभ करूं नये, असें आमचें मत आहे. रात्रीं प्रभूच्या प्रार्थनेंत क्षमेच्या मागणीपाशीं क्षणभर थांबून त्या माणसाचें नांव घ्यावें. नांवच तोंडांतून निघेना, तर तेंही प्रभूस तसेंच सांगावें.