दीड लाख किलोमीटर झाले, चेन बदलायची का?

गाडीने दीड लाख किलोमीटर ओलांडले की मेकॅनिक म्हणतो, "साहेब, टायमिंग चेन टाकून घ्या." लगेच हो म्हणू नका. टायमिंग बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. चेनला सहसा तशी मुदत नसते. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो यांतल्या १.३ लिटर डिझेल इंजिनात चेनच आहे. ती इंजिन ऑइलमध्ये फिरते, म्हणून तिचं आयुष्य ऑइलवर ठरतं. ऑइल बदलायला उशीर झाला की चेनच्या पिना झिजतात, चेन लांबते.

सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते का? चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी-००१६ कोड येतो का? मग मात्र तपासणी लांबवू नका. या डिझेल इंजिनात चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं.

बदलायचीच तर टेन्शनर आणि गाइडसह पूर्ण किट टाका. खर्चाचा मोठा भाग खोलण्याच्या मजुरीचा असतो. नुसती चेन टाकून पैसे वाचत नाहीत. आवाज नाही, कोड नाही, ऑइलच्या नोंदी चोख आहेत? खुशाल चालवा.