मुलांचे लिहिणे साहित्यातच मोजावे

मुलांनी आणि कुमारवयीनांनी लिहिलेले साहित्य मराठीत आहे, जुने आहे आणि पहिल्या प्रतीचेही आहे. तरीही संमेलनांच्या मांडवात त्याच्या वाट्याला येते ती जेवणानंतरची, श्रोते पांगलेली वेळ. बालसाहित्य म्हणून जे मिरवते ते बहुतेक प्रौढांनी लिहिलेले असते. साहित्य अकादमीचा २०१० पासूनचा बालसाहित्य पुरस्कारही मुलांसाठी केलेल्या लेखनाचा आहे. मुलांनी केलेल्या लेखनाचा नव्हे.

१८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. वेद ज्यांना पाहण्याचीही मुभा नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने थेट देवालाच विचारला. तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरली जाणारी माणसे, छपराविना बाळंत होणाऱ्या आणि थंडीपावसात कुडकुडणाऱ्या बायका, हे तिने आपल्याच माणसांचे दुःख म्हणून लिहिले. युक्तिवादात कोठेही ढिलाई नाही. दलित साहित्याचा आरंभ सांगताना अभ्यासक तिचे नाव आदराने घेतात आणि तिच्या वयाला मात्र अपवाद म्हणून बाजूला सारतात. ही पळवाट आहे. चौदाव्या वर्षी अन्याय दिसतो आणि त्यावर वाद घालता येतो, हेच तर तो निबंध सिद्ध करतो.

१९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनाने त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या व्यासपीठावर ऐकले आणि 'बालकवी' म्हटले. असे ऐकणे विरळाच. इंग्लंडमध्ये डेझी ॲशफर्डने नवव्या वर्षी लिहिलेली कादंबरी १९१९ साली तिच्या चुकीच्या स्पेलिंगांसह छापली गेली. प्रस्तावना नामवंत लेखक जे. एम. बॅरी यांची होती, म्हणून पुस्तकही त्यांचेच असावे असा संशय अनेकांनी घेतला. मूल असे लिहूच शकत नाही, हा प्रौढांचा हट्ट सगळीकडे सारखाच आहे.

मराठी शाळेत तो हट्ट गुणपत्रिकेत उतरला आहे. 'मी पंतप्रधान झालो तर', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' हे विषय पिढ्यान्‌पिढ्या तेच, आणि उत्तरे गाइडातली. अहिराणी, वऱ्हाडी किंवा पावरी बोलणाऱ्या घरातल्या मुलाची पहिली ओळ बोलीत उमटते. तिच्यावर लाल रेघ पडते. ऱ्हस्व-दीर्घ शिकवायलाच हवेत, पण ते सांगण्याआधी मुलाने काय सांगितले आहे ते वाचणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पालकांचा अपराधही लहान नाही. मुलाच्या नावाने निघणाऱ्या कितीतरी गुळगुळीत संग्रहांत आईवडिलांची भाषा लपत नाही. त्या पुस्तकांचे सत्कार संमेलनांच्या व्यासपीठांनी थांबवावेत.

संमेलनांनी मुलांचे वाचन मुख्य मांडवात, मुख्य वेळेत ठेवावे. समीक्षकांनी त्यांच्या लेखनावर गुणदोष दाखवणारी परीक्षणे लिहावीत. नुसती शाबासकी हा अनादरच आहे. दिवाळी अंकांनी ज्या मुलांचे लेखन छापले त्यांना मोठ्यांप्रमाणेच मानधन द्यावे. संपादकांनी केलेला प्रत्येक बदल छापण्याआधी त्या मुलाला दाखवावा, आणि त्याने नकार दिला तर मूळ मजकूरच छापावा.