आधी समोरच्याचं म्हणणं सांग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माईक हातात आला की आपल्या बॅचला अजूनही ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ हेच आठवतं. बाईंनी लिहून द्यायचं, आपण पाठ करायचं आणि ‘विज्ञान : शाप की वरदान’ यावर हातवारे करत पाच मिनिटं बोलायचं. त्यातून सभाधीटपणा आला, तो मला पहिल्या मुलाखतीपासून उपयोगी पडला. समोरचा उलट बोलला तर काय करायचं, हे मात्र मी सॉफ्टवेअरच्या नोकरीत शिकले. तिथे आपला कोड सहकारी तपासतो, खोड काढतो आणि आवाज न चढवता कारण द्यावं लागतं.

गेली दोन वर्षं शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या मुलांबरोबर मी हेच करते. विषय मुलंच सुचवतात. आधी मोबाईल झाला, गणवेश झाला. मग एकाने फळ्यावर लिहिलं, ‘रात्री दहा ते सकाळी सहा माग बंद ठेवावेत.’

नारपोलीत हा विषय काढणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. त्या वर्गात कारखानदाराचा मुलगा आहे, माग चालवणाऱ्याची मुलगी आहे आणि घराची भिंत कारखान्याला लागून असलेलाही एक आहे. कुणाच्या घरी आगरी, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी हिंदी. बोली कुठलीही चालेल, पण कारण हवं, एवढं मी सांगून ठेवलंय.

एक नियम मात्र कडक आहे. खोडून काढण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं, आणि तो ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. नियम माझा नाही. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्ष करत नसत.

भिंतीला भिंत असलेला मुलगा म्हणाला, “हिचं म्हणणं, कामगारांना पैसे पाहिजेत.” ती म्हणाली, “नाही.” त्याने पुन्हा सांगितलं, “रात्रपाळीत जास्त मिळतात.” पुन्हा नाही. मग ती म्हणाली, “पप्पांना मीटरवर मिळतात. माग बंद तर मीटर बंद. खोलीचं भाडं बंद होत नाही.” तिसऱ्यांदा त्याने ते नीट सांगितलं, तेव्हा ती “हो” म्हणाली. मग तिच्यावर पाळी आली त्याच्या आजीची झोप सांगायची. तिलाही दोनदा सांगावं लागलं.

त्यानंतर वाद खरा रंगला. एकीने ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम शोधून आणले : रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सगळ्यांना वाटलं, संपलं. तेवढ्यात कारखानदाराचा मुलगा म्हणाला, त्याच नियमांत औद्योगिक भागाला ७० आहे, मग आपली गल्ली कुठली? खाली माग, वर बिऱ्हाड! अर्धा तास त्यावरच गेला. मला विचाराल तर त्या दिवसातला तो सगळ्यात हुशार प्रश्न होता, आणि मी ज्या बाजूची नाही त्या बाजूने आला.

पुढच्या शनिवारी मी नारायण मेघाजी लोखंडे सांगितले. आपल्या ठाण्याचे, जोतिबांचे सहकारी. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातल्या मागण्या मी फळ्यावर लिहिल्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. मुलांना विचारलं, यात ‘अन्याय’, ‘शोषण’ हे शब्द कुठे आहेत? अर्धा तास म्हटल्यावर मालकाला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावंच लागतं. ‘अन्याय थांबवा’ म्हटलं तर तो मान डोलावून निघून जातो. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. सहा वर्षं लागली, हेही मी सांगितलं, नाहीतर मुलांना वाटायचं अर्ज केला की काम झालं.

त्यावर माग चालवणाऱ्याची मुलगी म्हणाली, “ताई, मग आमचा विषयच चुकीचा लिहिलाय. बंद की चालू नाही. बारा तासांची पाळी आठ तासांची केली तर मीटरचा दर किती पाहिजे, असं लिहा.” तिने ते वहीत गणित मांडून दाखवलं. दर वडिलांना विचारून आणला होता.

एका पालकांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, मुलांना असले विषय कशाला? उद्या शेठला उलट बोलतील. काळजी खोटी नव्हती, त्यांची नोकरी आहे. म्हणून वर्गात कुठल्याही कारखान्याचं नाव घ्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. पण विषय सोडला नाही. ज्या आवाजात ही मुलं अभ्यास करतात, त्यावर बोलायला ती लहान आहेत, हे मला पटत नाही. शेवटी हात वर करून मतदानही घेत नाही. हात मैत्रीने वर होतात.

आता तुमच्याकडे काम आहे. पुढचा विषय मुलींनी निवडलाय : दहावीनंतर मुलीला भिवंडीबाहेर कॉलेजला पाठवावं का? दोन्ही बाजूंची खरी माणसं त्यांना प्रश्न विचारायला हवी आहेत. आपल्यापैकी ज्यांनी पाठवलं ते या, आणि ज्यांनी नाही पाठवलं ते तर नक्की या. शनिवारी साडेअकरा, वरच्या मजल्यावरचा जिन्याजवळचा वर्ग. बाई, तुम्हीही या. तुमच्यासाठी खुर्ची ठेवते, आम्ही बाकावर बसू.